पडीक म्हणून लिहून दिलेलं शेत

प्रिय जिजा,

तू सांडोर सोडून गोखिवऱ्याला तेजस्वीकडे राहायला गेलीस, हे मला मासळीवालीकडून कळलं. लेकीच्या घरी तरी तुला झोप लागते का? जयरामभाऊंच्या बाराव्याला मी आले नाही. ताप आहे असा निरोप धाडला होता. ताप नव्हता, जिजा.

चौथीपासून एका बाकावर बसलो आपण. तुझं लग्न झालं त्या वर्षी पपांनी तुझ्या नवऱ्याला, जयरामभाऊंना, आमचं खाडीकडचं शेत कसायला दिलं, तोंडी, कागद न करता. एकतीस वर्षं त्यांनी बांध राखले, भरतीचं खारं पाणी आत येऊ दिलं नाही. नव्या तांदळाची पहिली गोणी आमच्या ओटीवर उतरायची, मगच तुमच्या घरी जायची. पपा गेल्यावरही त्यात खंड पडला नाही.

मागच्या वर्षी पवनचक्कीवाले आले. आधी वारा मोजायचा उंच खांब उभा केला, मग तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याचा कागद आणला. कॅनडाहून माझ्या भावाचा, क्लेटनचा रोज फोन, की फ्लॉसी, आपल्यामागे ते शेत कोण बघणार आहे? कंपनीच्या दलालाला एकच अडचण दिसत होती. जमीन कोणी कसत असेल तर त्याला विचारावं लागेल, काम लांबेल. पडीक आहे असं लिहून दिलंत तर महिन्यात मोकळे व्हाल. मी लिहून दिलं. त्या दिवशी माझ्या चुलीवर त्याच शेतातला भात शिजत होता. तुम्हा दोघांना सांगायचं उद्यावर ढकलत गेले. पेरणी झाली, लावणीही सुरू झाली.

जुलैत मुरूम टाकायला डंपर आले. हद्द दाखवायला मी गेले होते. जयरामभाऊ लावणीच्या चिखलातून तसेच वर आले आणि वाटेत आडवे उभे राहिले. ठेकेदाराच्या मुकादमाने कागद दाखवला. त्यांना वाटलं, कागद खोटा आहे. माझ्याकडे वळून म्हणाले, "फ्लॉसीबाय, तूच सांग यांना, इथं एवढी वर्सं कोन राबतं ते."

दहा पावलांवर होते मी. छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. 

पुढचं तुला सगळ्यांनी सांगितलं. पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं, नऊ दिवस शुद्ध आली नाही. पोलिसांनीही तेच लिहिलं, माझ्या सांगण्यावरून.

आज सकाळी कंपनीचा माणूस घरी आला. पवनचक्कीच्या पायाची पूजा आहे, नारळ तुमच्याच हातून फुटू दे, म्हणाला. मी चपला घातल्या आणि सरळ पोलीस ठाण्यात गेले. जबाब बदलला. त्यांचा पाय घसरला नव्हता, जिजा. मुकादमाने छातीवर दोन्ही हात लावून त्यांना ढकललं. मी पाहिलं. ते पडले तेव्हाही मी पुढे झाले नाही. पडीक लिहून दिल्याचंही सांगून टाकलं. क्लेटन आता फोन उचलत नाही. वकील म्हणतो, गुन्हा माझ्यावरही लागेल. लागू दे.

उद्या पोलीस तुझ्याकडे येतील. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे. माफी मागत नाही. शेत कोण कसतं हे फ्लॉसीबाईंना ठाऊक होतं का, असं ते विचारतील. बालपणीची मैत्रीण म्हणून गप्प राहू नकोस. ठाऊक होतं, असं सांग.

एकेकाळी तुझीच असलेली,
फ्लॉसी