दुधीची पहिली चकती

बाबा, यांना काल घरी आणलं. आतल्या खोलीत झोपलेत, भर दुपारी घोरताहेत, आणि लग्न झाल्यापासून ज्या घोरण्याला मी नावं ठेवत आले तेच ऐकत मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहितेय. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते आज कळतंय.

तो रविवार आठवतो ना? हे आणि यांच्या घरची मंडळी मला बघायला आली होती आणि आईने सगळ्यांना जेवायलाच थांबवलं होतं. दुधीची भाजी मी केली होती. तुम्ही शाळेत रसायनशास्त्र शिकवायचात आणि घरी भाजी चिरायचात, त्यामुळे दुधी चिरला की पहिली चकती कच्चीच चाखायची, हा आपल्याकडचा नियम तुमचाच. त्या दिवशी गडबडीत मी तो विसरले. भाजी शिजल्यावर कडवट लागली, तेव्हा गुळाचा खडा टाकला आणि गप्प बसले. पानं वाढून झाल्यावर तुम्ही आत येता, जरा भाजी चाखता, आणि तसेच बाहेर जाऊन पाहुण्यांच्या पानांतून ती चमच्याने परत काढून घेता. आई म्हणते, "अहो, पाहुणे काय म्हणतील!" तुम्ही म्हणता, "पाहुणे परत येतील. आतडी परत येत नाहीत."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी आत चिडून म्हटलं, "कडू म्हणजे औषधीच असतं. कारलं नाही का खात आपण?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "कारलं कडूच असतं. दुधी कडू झाला, तर वेलीने स्वतःला वाचवायला त्यात विष भरलंय. कुकुर्बिटासिन म्हणतात. गुळाने चव झाकली जाते, विष जात नाही." मग खिशातली हृदयाची गोळी दाखवलीत. "हीसुद्धा एका विषारी झाडाच्या पानांतूनच आली. कोणीतरी मोजून दिली म्हणून औषध. तुझ्या दुधीत किती आहे, ते कोणी मोजलंय?" मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. यांनी मात्र वरणभात-लोणच्यावर जेवूनही होकार कळवला, आणि पुढे प्रत्येक लग्नकार्यात "सासरेबुवांनी पहिल्याच भेटीत माझ्या तोंडचा घास काढला" हे सांगून हशा पिकवला.

निवृत्त झाल्यापासून हे सकाळी टेकडीवर जातात. तिथे कोणीतरी दुधीच्या रसाचं खूळ डोक्यात भरवलं. आधी चाखून घ्या म्हटलं, की म्हणायचे, "सासरेबुवा गेले, पण तपासनीस ठेवून गेले." चार दिवसांपूर्वी रसात आलं, लिंबू, काळं मीठ असं सगळं घातलं होतं. मी चहा गाळत होते. मागून आवाज आला, "आज जरा जास्तच कडू आहे. म्हणजे गुणकारी असणार." गाळणी टाकून मी ग्लास हिसकावला. अर्धा संपला होता. राहिलेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तर जीभ आखडली.

थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, मग उलटीत रक्त. रिक्षात यांचं डोकं माझ्या मांडीवर आणि हातात उरलेला रस ओतून घेतलेली बाटली. दवाखान्याच्या दारातच मी ओरडले, "कडू दुधी प्यायलेत!" रक्तदाब घसरत होता. डॉक्टर म्हणाल्या, याला उतारा नाही, सलाईन लावू आणि लक्ष ठेवू. यांच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसून मला एकच विचार, अर्धा ग्लास म्हणजे नक्की किती? तुमचाच प्रश्न होता तो. दुसऱ्या दिवशी रक्तदाब सावरला. यांनी डोळे उघडले आणि बारीक आवाजात म्हणाले, "सासरेबुवांनी पुन्हा पानातून काढून घेतलं."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पूर्ण ग्लास गेला असता तर कठीण होतं. तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुठेतरी वाचलं होतं." तुमचं नाव घेतलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं, आणि मला यांच्या उशाशी धीराने उभं राहायचं होतं. आता हे घोरताहेत, बाबा. आता रडतेय.