शेकाचा दगड

रेणापूर,
६ जानेवारी

अक्का, तुला बबीचा नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग. साक्षीचा अभ्यास कसा चाललाय?

रोज फोन होतो आणि तरी ही बया पत्र काय लिहीत बसली, म्हणशील. फोन आईच्या खाटेजवळ असतो. तिचे पाय गेले तरी कान शाबूत आहेत. मेसेज लिहिला तर तू लगेच फोन करतेस. ह्यांच्या ओळखीचा टेम्पोवाला तुमच्या अर्धापूरला केळी भरायला निघालाय, त्याच्या हाती हे देते.

आई बरी आहे. भूक चांगली आहे, परवा हुरडा मागितला. थंडी मात्र यंदा लई आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी तिच्या कमरेला दगडाचा शेक लागतो. गरम पाण्याची पिशवी आणली होती, ती तिला पटत नाही. "त्या रबरात काय जीव हाय? दगडात ऊब मुरती, बबे." ते खोटं नाही. फडक्यात गुंडाळलेला दगड बराच वेळ ऊब सोडत राहतो, पिशवी तोवर गार पडलेली असते. म्हणून घरात गॅस असून मागे न्हाणीपाशी चूल ठेवली आहे. दगड तापवायचा, गुंडाळायचा, तिला कुशीवर वळवायचं, पुन्हा सरळ करायचं. मी थकले आहे, अक्का. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तू "कसं चाललंय" विचारतेस तेव्हा आई माझ्या तोंडाकडे बघत असते.

जुना दगड मागच्या महिन्यात तडकला. रोज तापून, रोज निवून शेवटी त्याचे दोन तुकडे झाले. ह्यांनी नदीतून नवा आणला, बारीक भोकाभोकांचा. आईनं तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "नवा दगड असा इस्तवात घालू न्हाई. त्याच्या पोटात आग ऱ्हाती. रातभर पाण्यात ठेव, शांत होऊ दे. मग हळदकुंकू लाव." चुलीचे नवे दगडही ती असेच बुडवायची, आठवतं? पण ते नंतर आठवडाभर उन्हात पडलेले असत, हे ती विसरली, आणि मीही. दगड सकाळी पाण्यातून काढला, पुसला, हळदकुंकू लावलं आणि संध्याकाळी निखाऱ्यात सारला.

तो फुटला.

आवाज मोठा झाला. आईला सांगितलं, कुकरचं झाकण उडालं. नंतर माझी पट्टी पाहून विचारायला लागली, तर म्हटलं डोळे आलेत. तेव्हापासून मी जवळ गेले की म्हणते, "तोंड तिकडं कर बाई, मला लागंल." काळा चष्मा लावून घरभर फिरते. शेजारची शिवम्मा मला हिरोईन म्हणते.

आता सरळच लिहिते. दगडाची कपची डाव्या डोळ्यात घुसली होती. लातूरच्या डॉक्टरांनी ती काढली, पण त्या डोळ्याला दिसत नाही, नुसता उजेड कळतो. ते म्हणाले, दगडात पाणी मुरलं होतं, तापल्यावर त्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. दिसेल की नाही ते सांगत नाहीत. केलं नाही तर उजेडही जाईल, एवढं सांगतात. नंतर महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुराजवळ जायचं नाही. म्हणजे आईला उचलायचं नाही. आमचे हे तिचं सगळं करायला तयार आहेत, पण जावयाचा हात लागू देण्यापेक्षा ती दिवसभर ओल्यात पडून राहील.

म्हणून आईला तू घेऊन जा. दिवाळीत तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं पायऱ्या लई, म्हातारीला जमायचं न्हाई." मी तेव्हा हसले आणि घरी येऊन रडले. पायऱ्या असल्या तर खुर्चीत बसवून दोन गडी वर नेतील. केळीचे घड उचलायला तुमच्याकडे माणसं मिळतात ना?

सध्या मी वीट तापवून देते. फडक्यात असल्यामुळे तिला कळत नाही. काल कमरेला लावली तर म्हणाली, "रातभर पाण्यात ठेवलास म्हणून कसा गुणाचा निघाला बघ." मला तिचा फार राग आला, अक्का. मी उठून मागे गेले आणि भांडी घासत बसले. मग तिनं हाक मारली, "बरं वाटलं गं माय," आणि मी परत तिच्यापाशी गेले.

तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. कळलं तर आधी शेक सोडेल, मग जेवण सोडेल. तुला करमत नाही म्हणून न्यायला आलीस, असंच सांग. सासूबाईंना काय सांगायचं ते तू ठरव.

रविवारी ये. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडून रडू नकोस, खाट समोरच आहे. आणि माझ्या उजव्या अंगानं ये. डावीकडून आलीस तर मला दिसणार नाहीस, मी दचकेन, आणि आई बघत असेल.

तुझी,
बबी