तांदळातलं नाव

१७ जून १९९६
पोचले एकदाची! वडूजहून पुढे बैलगाडीनं खिलारवस्ती. हाडं खिळखिळी झाली, पण मजा आली. बाबांना फेलोशिप पसंत नव्हती. बी.ए. झालीस, बँकेच्या परीक्षा दे म्हणत होते. अहो, सहाच महिने शिकवायचंय! डिसेंबरात तेच न्यायला येणार आहेत.

शाळा एका खोलीची. भिंतीवर पहिल्या शिक्षिकेचा, सुलाबाईंचा, हार घातलेला फोटो. हनुवटीवर ठसठशीत तीळ. मी ज्यांच्याकडे राहते त्या तानुबाईंनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं त्यात 'सुला' लिहायला लावलं. नव्या नवरीचं नाव बदलतात ना, अगदी तस्सं! सुलाबाई गेल्यावर पोरं नव्या बाईला बुजायला लागली, म्हणून इथं येईल त्या बाईचं नाव सुलाच, म्हणे. मला हसू आवरेना. लिहिलं की झोकात.

६ ऑगस्ट
पोरं लाघवी आहेत. आज रागावले तर तोंडातून 'गप बसा रं' निघालं. मी साताऱ्याच्या पेठेतली, हे कुठून शिकले? माझ्याआधी फेलोशिपवर आलेल्या दोघी आता कुठं असतात, असं तानुबाईंना विचारलं. कुठं जात्याल, हितंच हायत की, म्हणाल्या आणि भाकरी थापत बसल्या. मला नाही आवडलं ते.

८ नोव्हेंबर
दिवाळीला घरी निघाले होते. वडूजच्या स्टँडवर एसटी आली, दार उघडलं, आणि पाय उचलेना. पोरं वाट बघत असतील असं वाटून परत फिरले. मला घरी जायचं होतं! आरशात बघितलं – हनुवटीवर तीळ. खरवडला. रक्त आलं. तीळ तिथंच.

२ डिसेंबर
आईचं नाव आठवेना. दुपारभर रडले. माझं आठवतंय. ज्ञानदा. ज्ञानदा. तानुबाईंकडे ताट मागितलं, त्याच तांदळात माझं नाव पुन्हा लिहिते म्हटलं. त्यांनी मायेनं माझी वेणी घातली. ते तांदूळ कवाच शिजवून पोरांना घातले, म्हणाल्या.

१६ डिसेंबर
बाबा आले! धावत गेले. त्यांनी नमस्कार केला. मला – नमस्कार! आमची ज्ञानदा कुठाय, बाई, असं मलाच विचारलं. मी ओरडले, बाबा, मीच – पण तोंडातून निघालं, हितंच हाय की.

ते वस्तीभर हाका मारत फिरतायत. गळा बसलाय त्यांचा. बाबा, इकडं बघा ना –

अजून हाका चालल्यात. नाव ऐकल्यागत वाटतंय. बिचारा म्हातारा, कुणाची लेक हरवली कुणास ठाऊक. पोरं खोळंबल्यात, मला वर्गात –