मेरेनदादांची साक्ष

प्रिय आई,

प्रभूची शांती तुझ्यासोबत असो. सासरी सगळे बरे आहेत. बाळ आता भात खातं. तुझा गुडघा कसा आहे?

माझं डोकं मात्र रविवारपासून तापलंय. माझे मोठे दीर मेरेनदादा जन्मापासून मुके-बहिरे. बाप्तिस्म्याला त्यांना यंदाही वगळलं. चर्चचा कारभार बघणारे डीकन म्हणाले, "विश्वासाची साक्ष तोंडानं द्यावी लागते. त्याला काय कळतंय?" चर्चची लाकडं फोडायला बोलावतात, तेव्हा मात्र दादांना सगळं कळतं.

नदीवर बाकीच्यांचा बाप्तिस्मा झाला आणि दादा आपणहून पाण्यात शिरले.

"अगं आरेनला, तुझ्या दिराला बाहेर काढ," डीकन ओरडले.

"तुम्हीच काढा," मी म्हटलं.

दादांनी बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांपुढे उभं राहून आपल्या एका तळहातावर बोट टेकवलं, मग दुसऱ्यावर, जिथे प्रभूला खिळे ठोकले होते तिथे. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. पाळक बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांनी दादांच्या पाठीला हात लावला आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं त्यांना पाण्यात बुडवलं.

आता डीकन म्हणतात, "त्याला एवढं येतं, हे आधी सांगायचं ना." आई, दादा रोज जेवणाआधी हीच खूण करतात, आणि हे गृहस्थ दर महिन्याला आमच्याकडेच जेवायला असतात. त्यांनी कधी दादांकडे बघितलंच नाही.

डीकनसाठी तू प्रार्थना कर. मला अजून जमत नाही.

तुझी लेक,
आरेनला