निष्क्रमणद्वार

३ फेब्रुवारी.
वाचनालयाच्या इमारतीच्या अग्निसुरक्षेची जबाबदारी कार्यकारिणीने एकमताने माझ्यावर सोपवली. (सभेस मी अनुपस्थित होतो.) वीस तारखेस तपासणी, दाखला न मिळाल्यास वाचनालयास टाळे. गाठ सप्तजिव्ह अग्नीशी आहे. संकल्प: रोज प्रातःस्नानोत्तर इमारतीची फेरी.

४ फेब्रुवारी.
थंडी. फेरी नाही.

७ फेब्रुवारी.
मूळ दोष भाषेत आहे. दारांवर 'बाहेर' ही बाजारी पाटी! सहा तास कोश चाळून 'निष्क्रमणद्वार' सिद्ध केले. आग विझवण्याची नळकांडी ज्या खोलीत आहेत, तो 'शमनकक्ष'. रंगाऱ्याने शुद्धलेखन चारदा विचारले.

११ फेब्रुवारी.
ग्रंथपालबाई म्हणाल्या, नळकांड्यांचे दाब दाखवणारे काटे लाल भागात गेले आहेत, ती भरून आणायला हवीत. लाल हा अग्नीचाच वर्ण, सबब काटा तेथेच शोभतो, हे मी सप्रमाण समजावले. त्या उठून कपाट लावू लागल्या. पटले असावे.

१४ फेब्रुवारी.
मागील निष्क्रमणद्वारासमोर माझ्या भाष्यग्रंथाच्या चारशे प्रती रचलेल्या आहेत. बाई म्हणतात, हलवा. वाचकांची मागणी येताच ढीग आपोआप उतरेल. सौ. नी विचारले, चौदा वर्षांत न आलेली मागणी सहा दिवसांत येणार का. प्रश्न अप्रशस्त वाटला.

१७ फेब्रुवारी, दुपारी २.
आगीचा सराव. घंटा वाजवली. कोणी उठेना. एकाने विचारले, निष्क्रमणद्वार हे नवे पुस्तक का. दोन ज्येष्ठ सभासद मात्र तत्परतेने शमनकक्षात गेले. कृतार्थ वाटले. अर्ध्या तासाने पाहतो तो दोघेही गाढ झोपलेले. त्यांनी 'शयनकक्ष' वाचले म्हणे. दोष रंगाऱ्याच्या 'म'चा.

२० फेब्रुवारी.
तपासनीस आले. वयाने लहान, वृत्तीने नम्र. पाटी तीनदा वाचून म्हणाले, "आजोबा, बाहेर कुठून पडायचं?" मी व्युत्पत्ती सांगू लागलो. बाईंनी त्यांना थेट ग्रंथांच्या ढिगापुढे नेऊन उभे केले. मग तपासनिसांनी एक नळकांडे दाबून पाहिले. त्यातून उसासा तेवढा निघाला. अहवालात 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांखाली स्वाक्षरी मी केली. अक्षर वळणदार आले.

२१ फेब्रुवारी.
दारास टाळे. बाईंनी खडूने लिहिले आहे: 'बंद'. अर्थ कोणी विचारला नाही. पायरीवर उभ्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला एवढेच विचारले, "आता दुपारचं आम्ही बसायचं कुठं?"
शब्द सुचला नाही.