अपुऱ्या दिवसांच्या वॉर्डातली लेन्स

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, व्यवसाय फोटोग्राफी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. काही नातेवाइकांची त्याने गैरसोय होईल.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव धाकट्या बहिणीला. त्यात कुणी वाटा मागू नये.

२. ट्रायपॉड आणि दोन्ही फ्लॅश थोरल्या दादाला. बांगड्या मोडून मी कमी उजेडातही फोटो घेणारी मोठ्या तोंडाची लेन्स आणली तेव्हा, "अंधारासाठी फ्लॅश असतो," असं तो चारचौघांत म्हणाला होता. तो राग तीस वर्षं जपला, आता सोडते. ट्रायपॉडचा एक पाय सरकतो, तेवढं त्याने सांभाळावं.

३. ती लेन्स, कॅमेऱ्यासह, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डाला. धाकटी बहीण तेव्हा तिथे परिचारिका होती. एका बाळाची आई ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ जगायचं नाही, मला दाखवू नका, म्हणायची. बहिणीने मला बाळाचा फोटो काढायला बोलावलं. वॉर्डात दिवे मंद, फ्लॅशला मनाई, बाळांच्या काचपेट्यांमधल्या वाटेत ट्रायपॉडला जागा नाही. लेन्स पूर्ण उघडली तेव्हा कुठे शटरला सेकंदाच्या तिसाव्या भागाचा वेग मिळाला, आणि तेवढ्या वेळातही हात हलतो. पहिला रोल धुतला तर सगळे फोटो हललेले.

दुसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "सुई टोचताना मी आधी श्वास सोडते. तूही तसंच करून बघ."

कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास सोडला, बटण दाबलं. बाळाचे डोळे लख्ख आले. इतक्या उघड्या लेन्सला बोटभर मागचंही नीट दिसत नाही, त्यामुळे कान धूसर.

बहिणीने फोटो वर नेला. त्या बाईंनी तो बराच वेळ हातात धरला. मग विचारलं, "हिने कान कुणाचे घेतलेत?"

"फोटोत नीट आले नाहीत," बहीण म्हणाली. "खाली येऊन बघा."

त्या चाकाच्या खुर्चीतून खाली आल्या. मुलगी जगली. बहीण हे ठरवून बोलली का, मी कधी विचारलं नाही. लोक माझ्या नजरेचं कौतुक करतात. त्या वॉर्डात माझ्यापेक्षा नीट बघणारी तीच होती.

४. लेन्स कपाटात कुलपात ठेवू नये. लागेल त्या परिचारिकेने ती वापरावी. काच रुमालाने पुसू नये.

साक्षीदार : शेजारचे घड्याळवाले (सही), वॉर्डाच्या निवृत्त मुख्य परिचारिका (सही)
ठिकाण : स्टुडिओची मागची खोली
दिनांक : १४ मार्च
लिहून ठेवणारी : (सही)

ता. क. सही वेडीवाकडी आली आहे. वर्षभर हात थरथरतो, कॅमेरा हातात घेतलेला नाही. तेव्हा कलम तीनसाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. बहीण उद्या सकाळी लेन्स घेऊन वॉर्डात जाते आहे.