लिलावात गोल्फचा सराव

आदरणीय दाजी,

नाशिकहून गोरक्षचा वाकून नमस्कार. (रागावलोय, पण बहिणीचे यजमान म्हटल्यावर वाकावंच लागतं.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं बीपी? आम्ही सगळे मजेत, असं लिहिणार होतो, पण आमची सौ. प्रतिभा मागे उभी राहून वाचतेय. फोन केला की सायखेड्यात तुम्हाला नेमकी रेंज नसते, म्हणून हे पत्र.

वेदिकाला स्थळ तुम्ही आणलंत, उपकार झाले. मुलगा गुणी, पोरीला मनापासून पसंत. पण होणाऱ्या व्याह्यांना, रावजीसाहेबांना, "आमचा मेव्हणा रोज गोल्फ खेळतो" हे सांगायची काय गरज होती हो? मी कांद्याचा व्यापारी! आता ते म्हणतात, रविवारी एक डाव होऊ द्या, मग सुपारी फोडू. तिथे माझं पितळ उघडं पडलं तर आपण सगळे खोटारडे ठरणार, स्थळ जाणार, आणि पोरीचा चेहरा मला बघवणार नाही.

बरं, सराव करायचा कधी? सकाळी लिलाव, दुपारी भराई, संध्याकाळी ट्रकवाल्यांशी भांडण. एकदा पहाटे उठून गोल्फ क्लब मैदानावर गेलो, तर गोल्फ नुसतं नावात, अर्धं नाशिक तिथे गोल गोल चालत होतं. इथे गोल्फ कुठे खेळतात, असं विचारल्यावर एका आजोबांनी मला बाकावर बसवून पाणी पाजलं. मग घरच्या गच्चीवर गोल्टी (बारका कांदा हो, बाजारात ज्याला कुत्रं विचारत नाही) ठेवून लांब छत्रीच्या मुठीने टोलवली. ती थेट प्रतिभाच्या वाळत घातलेल्या कुरडयांत. तिने माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

शेवटी म्हटलं, लिलावातच अधूनमधून हात साफ करू. काल गुडघे वाकवले, नसलेल्या चेंडूवर नजर लावली आणि छत्री झोकात खांद्यामागे नेली. दाजी, लिलावात हात वर गेला की ती बोली! छत्री वर जात राहिली आणि मी माझ्याच बोलीवर चढत राहिलो. भानावर आलो तेव्हा ट्रॅक्टरभर गोल्टी माझ्या गळ्यात. नाही म्हणावं तर बाजारात पत जाते. शेतकऱ्याने मला मिठी मारून चहा पाजला. बाकीचे व्यापारी अजून हसतायत.

ताईला नमस्कार सांगा.

तुमचा (खांदा लचकलेला) मेव्हणा,
गोरक्ष

ता. क. : रविवारी डाव सुरू झाला की ताईला चक्कर आली म्हणून मला फोन करा, मी धावत सुटेन. ताई खोटं बोलायला तयार नसेल तर तुम्हीच पडा.

ता. क. दुसरा : वरचं राहू द्या. आत्ताच रावजीसाहेबांचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाले, गोल्फ लग्नानंतर ठेवूया का, कंबर धरलीय. मी रोज खेळतो हे ऐकून त्यांनीही "मी पण खेळतो, होऊ द्या एक डाव" असं ठोकून दिलं होतं, आणि तेव्हापासून बिचारे न्हाणीघरात मोसंबी टोलवतायत! दोघंही फोनवर पोट धरून हसलो. सुपारी रविवारीच. वेदिका घरभर नाचतेय. तेव्हा दाजी, मध्यस्थाचा मान तुम्हाला द्यायलाच हवा. हे पत्र घेऊन आलेला टेम्पो दारात उभाच असेल, तो मान उतरवून घ्या. लवकर संपवा, मोड यायला लागलेत.